हजारात तिघांची तक्रार : नको असलेल्या ई-मेलचा इतिहास आणि आपली तब्येत

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांवर मी इथे नेहमी लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे : न मागता येणारे ई-मेल, म्हणजेच स्पॅम. "डॉक्टर, याचा तब्येतीशी काय संबंध?" असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या ई-मेलमधला स्पॅमचा कप्पा एकदा उघडून बघा. ‘शुगर कायमची घालवा’, ‘गुडघ्याचं ऑपरेशन टाळा’, ‘पंधरा दिवसांत दहा किलो वजन कमी’, ‘पौरुषशक्तीचा रामबाण उपाय’. औषध हा या धंद्यातला अगदी जुना माल आहे.

असा मेल आला की बहुतेक जण तो डिलीट करतात आणि विसरतात. इतिहास मात्र सांगतो की डिलीट केल्याने स्पॅम कधीच कमी झाला नाही. जेव्हा जेव्हा कमी झाला, तेव्हा तो कुणीतरी योग्य जागी तक्रार केल्यामुळे झाला. हे कसं, ते आज सविस्तर पाहू.

तारेने आलेले दंतवैद्य

मे १८६४. लंडनमधल्या काही राजकारण्यांच्या घरी रात्री उशिरा तार आली. त्या काळी रात्रीची तार म्हणजे युद्ध, मृत्यू किंवा सरकार पडल्याची बातमी. घाबरत घाबरत तार उघडली, तर आत जाहिरात! हार्ली स्ट्रीटवरचे गॅब्रिएल नावाचे दंतवैद्य ऑक्टोबरपर्यंत सकाळी १० ते संध्याकाळी ५ दवाखान्यात भेटतील, एवढाच मजकूर होता. तार मिळालेल्या एका गृहस्थांनी चिडून ‘टाइम्स’ वृत्तपत्राला पत्र लिहिलं. या दंतवैद्यांशी आपला कसलाही व्यवहार नसताना त्यांनी आपल्याला असा त्रास का द्यावा, असा त्यांचा सवाल होता.

न मागता आलेल्या जाहिरातीच्या तारेची ही फार जुनी नोंद आहे, आणि ती जाहिरात आमच्याच व्यवसायातल्यांची होती. ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे ती त्या तक्रारीच्या पत्रामुळे. तार फाडून टाकली असती, तर तिची नोंदही राहिली नसती.

व्ही. पी. पार्सल आणि १९५४ चा कायदा

आपल्याकडे हा प्रवास टपालाने सुरू झाला. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपलं ‘व्ही. पी.’ सुरू केलं. १८७९ साली पोस्टकार्ड आलं, १८८० साली मनीऑर्डर. या तीन सोयींमुळे मुंबई-कलकत्त्याचा औषधविक्रेता गावोगावी पोचला. वर्तमानपत्रात जाहिरात वाचायची, कार्ड टाकायचं आणि पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवायचं. औषध देणाऱ्याने रोग्याची नाडी पाहिलेली नसे आणि रोग्याने त्याचं तोंड पाहिलेलं नसे. आमचं जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाची स्वतःची टपालसेवा होती, ती १९५० साली भारतीय टपालात विलीन झाली.

टपालाचा दुसरा उपद्रव पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवेल. ‘अमुक देवाच्या नावाने २१ पत्रं पाठवा, भरभराट होईल, पत्र फाडाल तर घरात आजारपण येईल.’ भीती घालायला आजारपणच लागायचं. व्हॉट्सॲपवर आज जे पुढे ढकललं जातं, त्याचं हे आजोबा.

औषधांच्या बाजाराची चौकशी करण्यासाठी सरकारने १९३० साली रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा आला. जाहिरातींसाठी वेगळा कायदा यायला मात्र १९५४ साल उजाडलं. ‘औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ असं त्याचं लांबलचक नाव. त्याच्या परिशिष्टात आज ५४ आजार व अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, फिट्स, लकवा, लठ्ठपणा, रक्तदाब आणि उंची वाढवणंसुद्धा. या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करणं गुन्हा आहे.

या कायद्यातली ‘जाहिराती’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन किंवा इतर कागद, तोंडी घोषणा, शिवाय प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणा, हे सगळं जाहिरातच. धूर कशासाठी? विमानाने आकाशात धुराची अक्षरं काढून जाहिरात करण्याची पद्धत तेव्हा जगात होती. ई-मेल स्वप्नातही नसताना कायदा करणाऱ्यांनी धुराच्या अक्षरांपर्यंत विचार केला होता!

या कायद्याला हमदर्द दवाखान्याने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. जाहिरात करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असा एक मुद्दा होता. डिसेंबर १९५९ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. निषिद्ध औषधांचा खप वाढवण्यासाठी केलेल्या जाहिरातीला ते संरक्षण नाही, असं सांगितलं. कायद्यातले एक-दोन भाग मात्र रद्द केले, म्हणून संसदेने १९६३ साली दुरुस्ती केली. थोडक्यात, ‘मधुमेह मुळापासून बरा करतो’ अशी जाहिरात आपल्या देशात सत्तर वर्षांपासून बेकायदा आहे. आपल्याकडे कमी पडते ती तक्रार.

डबाबंद मांसाचं नाव

आता संगणकाकडे वळू. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकाच वेळी सुमारे ४०० जणांना पाठवलं. ते गेलं अर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून. लोक रागावले, त्याला समज मिळाली. जगातला पहिला स्पॅम ई-मेल म्हणून याचीच नोंद होते.

‘स्पॅम’ हे नाव मात्र नंतर आलं. स्पॅम हे १९३७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचं नाव. १९७० साली ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींनी एक प्रहसन केलं. त्यातल्या हॉटेलात प्रत्येक पदार्थात स्पॅम असतं, नको म्हटलं तरी असतंच. नको असताना पुनःपुन्हा ताटात पडणाऱ्या गोष्टीला ते नाव चिकटलं.

१२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातल्या वकील दांपत्याने, कँटर आणि सीगल यांनी, ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून अधिक चर्चागटांवर एकदम टाकली. स्पॅम हा धंदा होऊ शकतो हे जगाला तेव्हा कळलं. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने भारतात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९६ साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल आणलं. ई-मेल फुकट झाला. पाठवणाऱ्यालाही फुकट! तारेला, पोस्टकार्डाला निदान पैसे तरी पडत होते.

मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, या औषधाला मान्यता मिळाली आणि स्पॅमवाल्यांना हवा तो माल सापडला. डॉक्टरांसमोर बोलायला माणूस लाजतो आणि गुपचूप मिळालं तर घेतो. लाज, भीती आणि आशा या तीन गोष्टींवर खोट्या औषधाचा बाजार चालतो. १८७७ मध्येही तसंच होतं, आजही तसंच आहे.

सव्वा कोटी मेल, एक गिऱ्हाईक

"अहो, पण असल्या मेलला फसतो कोण?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी शोधलं. स्पॅम पाठवणाऱ्या एका टोळीच्या यंत्रणेत त्यांनी शिरकाव केला आणि तिच्या मेलमधल्या औषध दुकानाच्या लिंकच्या जागी स्वतःच्या नकली दुकानाची लिंक घातली. त्या दुकानात पैसे घेतले जात नव्हते. खरेदीचा प्रयत्न केला की चूक दाखवून व्यवहार थांबे.

२६ दिवसांत जवळपास ३५ कोटी मेल गेले. त्यातले चौथ्या हिश्श्याहूनही कमी समोरच्या सर्व्हरपर्यंत पोचले. खरेदीपर्यंत आलेली माणसं किती? फक्त २८. म्हणजे साधारण सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक. प्रत्येकाची खरेदी सुमारे १०० डॉलरची.

आकडा हास्यास्पद वाटतो, पण त्यातच धोका आहे. मेल पाठवायला जवळजवळ काहीच खर्च नसल्यामुळे सव्वा कोटीत एक माणूसही त्यांना पुरतो. तुम्ही फसला नाहीत याने त्यांचं काही बिघडत नाही. त्यांना तुम्ही नकोच असता. हवा असतो तो एक घाबरलेला, थकलेला किंवा एकटा पेशंट.

तो एक पेशंट

असे पेशंट आमच्या ओपीडीत येतात. मागे अंबड तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक आले. वर्षानुवर्षं शुगर छान ताब्यात होती. त्या दिवशी एचबीएवनसी ११ च्या वर गेलेली, वजन उतरलेलं, पायाला जखम.

"गुरुजी, गोळ्या कधी बंद केल्या?"

"तीन महिने झाले, डॉक्टरसाहेब. मुलाने ई-मेल काढून दिलाय ना, त्यावर आलं होतं. सरकारी शिक्का होता की त्याच्यावर."

शिक्का अर्थातच खोटा होता. जखम भरायला दोन महिने लागले, बोट थोडक्यात वाचलं. मला जास्त लागलं ते त्यांचं पुढचं बोलणं. त्यांच्या दोन शिक्षक मित्रांनाही तोच मेल आला होता. दोघांनी तो बरोबर ओळखला आणि डिलीट केला. ते दोघं सुरक्षित राहिले, गुरुजी राहिले नाहीत.

बरं, असल्या औषधात काय असतं? कधी नुसतं पीठ, पण कधी त्याहून वाईट. सांधेदुखीच्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडतं. पहिल्या आठवड्यात दुखणं जादूसारखं थांबतं, मग चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. ‘पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या शक्तिवर्धक गोळ्यांमध्ये सिल्डेनाफिल लपवलेलं असतं. हृदयाच्या पेशंटने सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळ्या चालू असताना ते घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

२००८ मध्ये सिंगापूरमध्ये याचं भयानक रूप दिसलं. मधुमेह नसलेली माणसं रक्तातली साखर अतिशय कमी होऊन रुग्णालयात येऊ लागली. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत १५० जण दाखल झाले, त्यातले चौघे दगावले. शोध घेतल्यावर कळलं की लैंगिक शक्तीच्या बेकायदा गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइड हे शुगर कमी करणारं औषध मिसळलेलं होतं. डॉक्टरांनी एकेक केस नोंदवली नसती, तर हा धागा सापडला नसता.

गाळणी कशी शिकते?

आता ई-मेलमधली गाळणी, म्हणजे स्पॅम फिल्टर, समजून घेऊ. ती समजायला डॉक्टरला सोपी जाते, कारण ती निदानासारखीच चालते.

थॉमस बेज हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. त्यांचा संभाव्यतेवरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, छापला गेला. नवा पुरावा मिळाला की आधीचा अंदाज किती बदलायचा, याचं ते गणित. पावसाळ्यात ताप म्हटला की आमच्या मनात डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड असे अंदाज असतात. डोळ्यांमागे दुखतं, प्लेटलेट कमी झाल्या, असा एकेक पुरावा आला की डेंग्यूकडे झुकतो. १९९८ मध्ये संशोधकांनी हेच गणित नको असलेल्या मेलला लावलं, आणि २००२ साली पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळे ते सर्वत्र पसरलं.

उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे १००० मेल आहेत आणि त्यातले ६०० तुम्ही स्पॅम म्हणून दाखवून दिले. ‘खात्रीशीर इलाज’ हे शब्द त्या ६०० पैकी ३०० मध्ये आहेत आणि चांगल्या ४०० पैकी फक्त ४ मध्ये. आता हे शब्द असलेला नवा मेल आला, तर तो स्पॅम असण्याची शक्यता ३०४ मध्ये ३००, म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त. आजच्या गाळण्या याहून कितीतरी गुंतागुंतीच्या आहेत. पाठवणारा कोण, कुठून आला, लिंक कुठे जाते, सगळं त्या पाहतात. पण मूळ गोष्ट तीच : हे ६०० स्पॅम आहेत, असं कुणीतरी सांगावं लागतं.

आमच्या मस्तगडचा किल्ला अठराव्या शतकातला. गडाला दरवाजा असतो, दरवाजावर पहारेकरीही असतो. पण शत्रू कसा दिसतो हे पहारेकऱ्याला सांगायला नको का? डिलीट म्हणजे आत शिरलेल्या चोराला गुपचूप मागच्या दाराने बाहेर काढणं. रिपोर्ट म्हणजे पहारेकऱ्याला त्याचा चेहरा दाखवणं.

प्रत्येक तपासणीसारखी ही गाळणीही कधी चुकते. चांगला मेल स्पॅममध्ये जातो, त्याला आम्ही फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतो. लॅबने पाठवलेला बायोप्सीचा रिपोर्ट स्पॅमच्या कप्प्यात आठ-दहा दिवस पडून राहणं हे गंभीर आहे. म्हणून रिपोर्टची वाट पाहत असाल तर तो कप्पाही बघा, आणि तिथे सापडला तर ‘नॉट स्पॅम’ दाबा. गाळणी त्यातूनही शिकते.

तक्रारीने काय झालं?

सर्वात मोठा धडा २०११ सालचा. त्याच कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी स्पॅममधून विकली जाणारी औषधं आणि इतर नकली माल स्वतः विकत घेतला आणि पैसे कुठे जातात याचा माग काढला. मेल पाठवणारे संगणक लाखो, दुकानं हजारो. पण अशा मालाच्या जवळपास ९५ टक्के जाहिरातींमागचा पैसा मूठभर बँकांमधूनच जात होता. डास मारत बसण्यापेक्षा साचलेलं पाणी शोधा, असं आम्ही डेंग्यूच्या वेळी सांगतो. हे तेच साचलेलं पाणी! त्यानंतर ज्यांच्या मालाची नक्कल होत होती, त्या कंपन्यांनी कार्ड कंपन्यांकडे रीतसर तक्रारी सुरू केल्या. बँकांनी खाती बंद केली आणि स्पॅमवाल्यांची पैसे गोळा करण्याची वाट अडली.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘रस्टॉक’ नावाचं स्पॅम पाठवणारं प्रचंड जाळं मायक्रोसॉफ्टने न्यायालयाच्या आदेशाने बंद पाडलं. त्यातून नकली व्हायग्राच्या जाहिराती जात होत्या. मूळ औषध बनवणाऱ्या फायझरनेही त्या दाव्यात साथ दिली.

आणि सामान्य माणसाच्या बोटात किती ताकद आहे? फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. त्यातला एक नियम असा : पाठवलेल्या मेलवर स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोचता कामा नये. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. हजार जणांना मेल गेला आणि त्यातल्या तिघांनी ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबलं, तर त्या पाठवणाऱ्याचे पुढचे मेल अडवले जाऊ शकतात. गुरुजींचे दोन मित्र आणि आणखी एक, एवढीच माणसं!

पालघर आणि आपला कायदा

"पण यावर कायदा नाही का?" अमेरिकेने २००३ मध्ये स्पॅमवर वेगळा कायदा केला. आपल्याकडे ई-मेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. त्याच्या सर्वात जवळ जाणारं एक कलम होतं, आणि त्याची गोष्ट महाराष्ट्रातून जाते.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ आलं. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात त्रास देण्यासाठी, किंवा मेल कुठून आला याबद्दल दिशाभूल करण्यासाठी पाठवलेला ई-मेल गुन्हा ठरवला होता. पण ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द इतके सैल होते की त्यात काहीही बसे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते लाइक केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यात हेही कलम लावलं गेलं. त्यातल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोडही केली. देशभर संताप झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात कलम ६६-अ रद्द झालं.

निकाल योग्यच होता. अंदाजाने दिलेलं जालीम औषध रोगाऐवजी रोग्यालाच त्रास देत असेल, तर ते थांबवावंच लागतं. पण त्याबरोबर ई-मेलचं ते पोटकलमही गेलं आणि त्या जागी नवं नेमकं औषध आलं नाही. ट्रायचे नियम आणि १९०९ हा क्रमांक फोन कॉल आणि एसएमएससाठी आहेत, ई-मेलसाठी नाहीत. खोटं रूप घेऊन फसवणं हा मात्र आजही कलम ६६-ड खाली गुन्हा आहे, आणि १९५४ चा जाहिरात कायदाही जिवंत आहे. तो हलतो आपल्या तक्रारीने.

नोंदवणं हीही सेवा

तक्रारीची ही सवय वैद्यकाला नवीन नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काम करणारे गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तापाच्या रोग्यांमध्ये प्लेग ओळखला आणि महापालिकेला कळवला. नुसती औषधं देऊन ते पुढच्या रोग्याकडे वळू शकले असते. त्यांनी कळवलं म्हणून शहर हललं. मे २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं आम्हा खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. एका नोंदीने टीबी जात नाही, पण नोंदच नसेल तर तो कुठे आहे हेच कळत नाही.

स्पॅमचंही तसंच. म्हणून एवढं करा :

१. अनोळखी मेल उघडलाच, तरी त्यातली लिंक, फोटो किंवा जोडलेली फाइल उघडू नका. उत्तर देऊ नका.

२. डिलीट करण्याआधी ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबा. बँक, विमा, आयुष्मान कार्ड किंवा रुग्णालयाच्या नावाने पासवर्ड, ओटीपी, आधार मागणारा मेल असेल तर ते फिशिंग. साधा स्पॅम सर्दी असेल तर फिशिंग न्यूमोनिया समजा. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमध्ये ‘रिपोर्ट फिशिंग’ असतं, ते दाबा.

३. ‘अनसबस्क्राइब’ फक्त ओळखीच्या दुकानाच्या किंवा कंपनीच्या मेलवर वापरा. अनोळखी मेलमधली ती लिंक दाबली, तर हा पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं.

४. पैसे गेले असतील तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. मेल, पावती, स्क्रीनशॉट जपून ठेवा.

५. आजार मुळापासून बरा करण्याची जाहिरात असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी कळवा. फसव्या जाहिरातींची तक्रार मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेकडेही करता येते.

६. असलं औषध घेऊन झालं असेल तर बाटली, वेष्टन, उरलेल्या गोळ्या घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. ते रागावतील म्हणून लपवू नका. आत काय असू शकतं हे कळलं तरच उपचार नीट होतात. आणि चालू गोळ्या कुणाच्याही मेलवरून बंद करू नका.

७. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर ‘रिपोर्ट’चं बटण कुठे आहे, ते त्यांच्या शेजारी बसून एकदा दाखवा. त्यांना आलेला असा मेल पाहून हसू नका. हसलात तर पुढचा मेल ते तुम्हाला दाखवणार नाहीत.

हे सगळं केल्यावर स्पॅम संपेल का? नाही. दीडशे वर्षांत तो तारेतून पोस्टकार्डात, पोस्टकार्डातून ई-मेलमध्ये आणि तिथून व्हॉट्सॲपवर गेला. पुढेही कुठेतरी जाईल. पण प्रत्येक टप्प्यावर त्याला अडवलं ते तक्रार करण्याचा कंटाळा न करणाऱ्या माणसांनी. पुढचा मेल तुम्ही तर ओळखालच. तोच मेल ज्याला ओळखता येणार नाही, त्याच्यासाठी ते बटण दाबा.